फिनेलकाकांच्या शहाण्णव ट्यूबा

आमचे भाऊजी दिवसातून किती वेळा हात धुतात हे मोजायचा प्रयत्न माझ्या ताईने लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात केला होता. बुधवारी दुपारपर्यंत आकडा एकतीसवर गेला, तेव्हा तिने तो नाद सोडला आणि संसाराला लागली. पुढे सव्वीस वर्षं तो संसार साबणाच्या फेसावर तरंगत अगदी व्यवस्थित चालला.

भाऊजींचे टॉवेल तीन. एक तोंडाचा, एक अंगाचा, एक पायांचा. पायांच्या टॉवेलने एखाद्या पाहुण्याने चुकून तोंड पुसलं, तर त्या पाहुण्याशी भाऊजी उरलेला मुक्काम दोन हात लांबूनच बोलत. नळ कोपराने उघडायचा, दाराची कडी करंगळीने लावायची, आणि बाजारातून आलेली सुटी नाणी साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, हे त्यांचे नियम. आमच्याकडे जेवायला येणार असले की आई आदल्या दिवसापासून भांडी घासायला बसायची. तरी भाऊजी ग्लास उजेडाकडे धरून बघायचेच.

"भाऊजी, ग्लास आहे तो, एक्स-रे नाही," मी म्हणायचो.

ते मनापासून हसायचे. मग उठून ग्लास विसळून आणायचे.

नोकरी पाणीपुरवठा खात्यात, स्टोअरकीपरची. पाइप, व्हॉल्व्ह, मीटर, ब्लीचिंग पावडर, अख्ख्या शहराच्या घशाखाली जे पाणी उतरायचं त्याची सगळी हत्यारं भाऊजींच्या कुलपात. तिथेही त्यांचा खाक्या घरासारखाच. माल मोजल्याशिवाय सही नाही आणि चिठ्ठीशी माल जुळल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर नाही. एकदा खुद्द मोठ्या साहेबांची जीप त्यांनी चाळीस मिनिटं फाटकात उभी केली होती, कारण मागच्या सीटवरचे दोन व्हॉल्व्ह चिठ्ठीत नव्हते. साहेब आत बसून घामाघूम, आणि भाऊजी बाहेर उभे राहून त्यांना म्हणतायत, "साहेब, तोपर्यंत हात धुऊन घ्या, चांगलं पाणी आहे."

असा माणूस तुरुंगात जातो कसा, असं कोणीही विचारेल. एका सहीने जातो. वर्षअखेरीच्या संध्याकाळी खात्याच्या इंजिनिअरने स्टोअरमध्ये येऊन सांगितलं, की चारशे पाइप सरळ कामाच्या जागेवर उतरलेत, आज सही केली नाहीत तर मंजुरी परत जाईल आणि खालच्या वस्तीला आणखी एक वर्ष टँकरचं पाणी प्यावं लागेल. उद्या सकाळी जाऊन मोजा. भाऊजींना टँकरच्या पाण्याचा, त्यातल्या गाळाचा आणि त्यातल्या जंतूंचा विचार असह्य झाला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी न मोजता सही ठोकली. पाइप कामाच्या जागेवर नव्हतेच. ते कुठल्याच जागेवर नव्हते.

चौकशी लागली. पाइपांच्या ठेकेदाराला अटक व्हायच्या आधीच जामीन मिळाला. इंजिनिअरला तिसऱ्या दिवशी मिळाला. भाऊजींना अधिकाऱ्याने विचारलं, "ही सही तुमची?"

"माझीच," भाऊजी म्हणाले. "वळण बघा ना."

आमच्या वकिलाने तेव्हाच फाइल मिटून चष्मा पुसायला घेतला.

अटक करायला तिघे शिपाई घरी आले, तेव्हा भाऊजींनी त्यांना दारातच थांबवलं. "बूट बाहेर काढा." आणि काय गंमत असेल ती असो, तिघांनीही काढले. एकाच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. भाऊजींनी त्याला पाय धुवायला पाणी दिलं, वर पायांचा टॉवेल दिला, आणि मग बॅग घेऊन त्यांच्याबरोबर गेले. ताई पुढे बरेच दिवस तो टॉवेल धुवायचा की तसाच ठेवायचा हे ठरवू शकत नव्हती.

आता तुरुंगाविषयी. तुरुंगात माणसाला शिक्षा होते असं आपण समजतो. शिक्षा नंतरची गोष्ट. आधी जागा, मग पाणी, मग साबण. चार नंबरची बरॅक चाळीस माणसांसाठी बांधलेली, आत शहाण्णव. संडास तीन, त्यातल्या एकाला दार नाही. खिडकीखालची जागा जुन्या माणसांची, मधली जागा ओळखीच्यांची, आणि संडासाला लागून असलेली जागा नव्या माणसाची. म्हणजे आमच्या भाऊजींची. ज्यांनी सव्वीस वर्षं बाथरूमच्या दाराशी ठेवलेल्या पायपुसण्यालाही स्वतःचं पायपुसणं दिलं होतं, ते आता डोकं दोन नंबरच्या संडासाकडे करून झोपत होते. डोकं दुसरीकडे केलं तर समोरच्याच्या लाथा डोक्यात बसतात, म्हणून.

पाणी सकाळी पाच ते पावणेसहा. तेवढ्यात अंगणातला हौद भरायचा, आणि शहाण्णव जणांनी त्यातच अंघोळ, कपडे, भांडी उरकायची. माणशी दीड बादली. सरकारकडून महिन्याला साबणाची एक वडी मिळायची, ती इतकी पातळ, की तिच्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं असतं. टूथब्रशची दांडी गेटवरच कापून टाकायचे, म्हणजे कोणी तिला धार लावून हत्यार करू नये. उरलेला दोन बोटांचा खुंट धरून दात घासायचे तर अख्खी मूठ तोंडात जायची. नखं कापायचं यंत्र बरॅकला एक, तेही रविवारी, साखळीला बांधून, शिपायाच्या देखरेखीखाली. त्याच्यासाठी लावलेली रांग बघून कोणाला वाटावं आत काहीतरी फुकट वाटतायत.

बाकी सगळं कॅन्टीनमधून विकत घ्यायचं. घरून पाठवलेले पैसे खात्यावर जमा व्हायचे, तेही महिन्याला ठरावीकच. बाहेर ज्या किमतीत साबणाच्या दोन वड्या येतात, त्यात आत एक. टूथपेस्ट, तेल, कपड्यांची पावडर, घरी करायचा फोन, सगळं त्याच पैशात. त्यामुळे आत साबण हे चलन. अर्ध्या वडीला दाढी, एका वडीला कपडे धुऊन, आठवड्याला दोन वड्यांना मधल्या जागेत सरकायला मिळतं. लोक वड्या दोऱ्याने कापून, कागदात गुंडाळून उशाशी जपत. आणि हे आमचे भाऊजी त्या वडीने चक्क अंघोळ करायचे. बरॅकला वाटलं, कोणीतरी फार मोठी असामी आली. हा माणूस पैशाने अंग घासतो!

खिडकीखाली एक जाडजूड गृहस्थ होता, त्याला सगळे 'मालक' म्हणत. सात वर्षं खटला चालू, निकाल नाही. त्यानेच भाऊजींचं बारसं केलं. पहिल्याच आठवड्यात भाऊजींनी आपली दोन वड्यांची शिल्लक देऊन मधली जागा घेतली नाही, फिनेलची बाटली मागवली आणि तिन्ही संडास स्वतः घासले. मालक बसल्या जागेवरून म्हणाला, "काका, हे जेल आहे, दवाखाना नाही."

"मग घाण का आहे?" भाऊजींनी विचारलं. "दवाखाना असता तर समजू शकलो असतो."

तेव्हापासून ते फिनेलकाका झाले.

हे सगळं आम्हाला दर पंधरा दिवसांनी काचेपलीकडून कळायचं. मध्ये काच, दोन्ही बाजूंना एकेक फोन, आणि वीस मिनिटं. ताई आणि मी आळीपाळीने फोन घ्यायचो. पहिल्या भेटीत भाऊजींनी फोन रुमालात धरला होता आणि कानापासून दोन बोटं लांब ठेवला होता, त्यामुळे त्यांना निम्मं ऐकू आलं नाही. निम्मं ऐकण्यासारखं नव्हतंही.

ताईची वेगळी परीक्षा गेटवर असायची. काय आत जाईल आणि काय जाणार नाही, याचा नियम दर भेटीला नवा. पहिल्यांदा ती तीन टॉवेल घेऊन गेली.

"एकच," हवालदार म्हणाला.

"अहो, हा पायांचा आहे."

"बाई, पाय पण त्यांचेच ना?"

ताईने अंगाचा दिला. पुढच्या खेपेला गडद रंग चालेना म्हणून बनियन परत. त्याच्या पुढच्या खेपेला पायजम्याला नाडी आहे म्हणून परत. नाडी काढून इलॅस्टिक घातलं तर इलॅस्टिक फार रुंद. साबण तर घरचा चालायचाच नाही, तो कॅन्टीनमधूनच घ्यायचा. येताना भाऊजींच्या मळक्या कपड्यांची पिशवी मात्र हवालदार हसतमुखाने हातात द्यायचा. मळकं बाहेर न्यायला कधीच कोणाची हरकत नव्हती.

भाऊजी निलंबित, पगार अर्धा. ताई शाळेच्या वाचनालयात काम करायची. वकिलाचे पैसे, दोन बस बदलून जाण्यायेण्याचं भाडं, बुडालेला अर्धा दिवस आणि कॅन्टीनचं खातं, यात तिचा महिना विसाव्या तारखेलाच धापा टाकायला लागायचा. घरातल्या साबणाची वडी तिने दोऱ्याने कापून अर्धी वापरायला सुरुवात केली होती. मी बघितलं तेव्हा म्हणाली, "अगं बाई, बघितलंस वाटतं? मला एकटीला एवढी मोठी वडी भिजून वाया जाते रे." माझ्याशी बोलताना 'अगं बाई' म्हणायची वेळ आली, की ताई खोटं बोलतेय हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तिसऱ्या महिन्यात भाऊजी भेटीला आले ते हात मांडीखाली घेऊन बसले. सव्वीस वर्षांत त्यांनी हात लपवलेले मी पाहिले नव्हते. त्यांचे हात म्हणजे प्रदर्शनातली वस्तू. मी फोन घेऊन म्हणालो, "भाऊजी, काय, हात जप्त केले की काय?"

त्यांनी काचेवर हात ठेवले. बोटांच्या बेचक्यांत लाल पुटकुळ्या, मनगटावर ओरखडे.

"खरूज," ते म्हणाले. एखाद्याने चोरीची कबुली द्यावी तसं. "अख्ख्या बरॅकला आहे. शहाण्णवच्या शहाण्णव."

त्यानंतर भाऊजींना दुसरा विषय उरला नाही. त्यांनी माहिती काढली. खरजेचा किडा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो, त्यामुळे मलम सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं आणि त्याच दिवशी कपडे-पांघरुणं उकळून उन्हात टाकायची. एकालाही सोडलं, तर पंधरा दिवसांत बरॅक पुन्हा पहिल्या जागी. तुरुंगाचा दवाखाना मात्र जो फार आरडाओरडा करेल त्याला एक ट्यूब द्यायचा. म्हणजे वर्षभर मलम खर्ची पडतंय आणि वर्षभर लोक खाजवतायत. भाऊजींनी अर्ज लिहायला घेतले. जावक क्रमांक घालून, विषय, संदर्भ, सगळं. जेलर म्हणाला, असे अर्ज त्याने नोकरीतही पाहिले नव्हते. अकरा अर्ज झाले. मालक सुरुवातीला म्हणायचा, "काका, लिहिताना तरी हात खाजवत नाही, तेवढाच फायदा." सातव्या अर्जावर पहिली सही त्याची होती.

आणि मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी जुळून आल्या. जेलरने शहाण्णव ट्यूबा मंजूर केल्या. आणि जामिनाची तारीख लागली. आधीचा अर्ज फेटाळला गेला होता, पण या वेळी न्यायाधीश नवे होते. त्यांनी आमच्या वकिलाला सांगितलं, की या स्टोअरकीपरला माझ्यासमोर उभा करा, मला त्याला स्वतःला दोन प्रश्न विचारायचेत. वकिलाने चार महिन्यांत पहिल्यांदा चष्मा पुसला नाही. "त्यांनी समोर उभं राहून खरं सांगितलं की झालं," तो म्हणाला. "तुमचे साहेब खोटं बोलूच शकत नाहीत. आजवर तोच त्रास होता, आता तोच उपयोगी पडेल. फक्त माणूस हजर पाहिजे."

फक्त माणूस हजर पाहिजे. ताईने घर धुऊन काढलं. तिन्ही टॉवेल वाळत घातले. त्या दिवशी शाळेत रजा टाकून सकाळी आठलाच कोर्टाच्या पायरीवर जाऊन बसली. मी पोचलो तेव्हा पिशवीत इस्त्रीचा शर्ट घेऊन बसलेली. "सुटले की तिथेच बदलायला लावू," म्हणाली. "त्या कपड्यांनी घरात यायला ते स्वतःच तयार होणार नाहीत."

साडेदहाला तुरुंगाची गाडी आली. एकेक उतरला. दोरीला धरून आठ जण, मग आणखी सात. भाऊजी नाहीत. ताईने गाडीच्या आत वाकून बघितलं. शिपाई ओरडला, "बाई, मागं व्हा."

आमची पाळी सव्वाबाराला आली. नाव तीनदा पुकारलं. तिसऱ्या वेळी शिपायाने पुढे होऊन एक कागद न्यायाधीशांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, मग वकिलाकडे पाहिलं.

"आरोपीने येण्यास नकार दिला, असं लिहिलंय."

"महाराज, हे शक्यच नाही," वकील म्हणाला.

"लिहिलंय," न्यायाधीश म्हणाले. "आरोपीलाच जामिनाची घाई नसेल, तर मला तरी का असावी?" पुढची तारीख नऊ आठवड्यांनंतरची. पुढची फाइल.

बाहेर व्हरांड्यात ताई भिंतीला टेकून उभी होती. तेवढ्यात दोरीच्या टोकाला बांधलेला एक जाडजूड माणूस शिपायाला म्हणाला, "साहेब, दोन मिनिटं. त्या फिनेलकाकांच्या घरच्या आहेत." तो मालक. त्याचीही त्या दिवशी तारीख होती, सात वर्षांतली कितवी ते त्यालाही आठवत नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "सकाळी आम्ही काकांना तारखेची बादली दिली. आमच्याकडे रीत आहे. ज्याची तारीख असेल त्याला भरलेली अख्खी बादली आणि बिनकापलेला साबण. पण काकांना एक नाही, दोन दिल्या. आम्ही पंच्याण्णव जणांनी आपापल्यातला एकेक तांब्या कमी केला. शर्टावर गरम पाण्याचा डबा फिरवून इस्त्री केली. काय दिसत होते! आम्ही म्हटलं, काका, जज उठून उभा राहील."

"मग आले का नाहीत?" मी विचारलं.

"रांगेत उभे होते हो, माझ्या मागं. तेवढ्यात कंपाउंडर मलमाचं खोकं घेऊन आला. म्हणाला, अर्ज तुमचा, तुम्हीच बरॅकतर्फे सही करा, शहाण्णव मिळाल्या म्हणून. काका म्हणाले, मोजतो. मोजल्या. चौऱ्याऐंशी."

ताईने डोळे मिटले.

"कंपाउंडर म्हणाला, बाकीच्या मागाहून येतील, आता सही करा. काका म्हणाले, चौऱ्याऐंशी लिहा, चौऱ्याऐंशीची सही करतो. तर तो म्हणतो, मंजुरी शहाण्णवची आहे, सही शहाण्णववरच, नाहीतर खोकं परत जाईल, मग बसा खाजवत. मी ओरडलो, काका, टाका सही, चला! शिपाई नाव पुकारतोय, गाडीचं इंजिन सुरू झालंय. काका तिथूनच म्हणाले, 'तुम्ही बसा हो. एक माणूस कमी असताना गाडी फाटकाबाहेर जाईलच कशी? मोजतील ना.'" "वहिनी, मी सात वर्षं त्या गाडीतून जातोय. कोणी मोजत नाही. फाटक उघडलं. शिपायाने कागद काढला, मांडीवर ठेवून लिहिलं, नकार दिला. लिहायला एक मिनिट पण नाही लागलं."

शिपायाने दोरी ओढली. मालक जाता जाता मागे वळून म्हणाला, "माणूस लाखाचा आहे हो," आणि हे सांत्वन आहे की तक्रार, हे त्याच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

मी ताईला घेऊन घरी निघालो. शर्टाची पिशवी तिने बसमध्ये मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. मी काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "तरी ताई, भाऊजींनी..."

"तू गप्प बस," ती म्हणाली.

भेटीचा दिवस उजाडला तेव्हा भाऊजी काचेपलीकडे आले ते हात पुढे करूनच. दोन्ही हात काचेवर ठेवले, बोटं फाकून. पुटकुळ्या सुकल्या होत्या. फोन उचलला तो रुमालाशिवाय, चक्क कानाला लावून.

"शहाण्णव!" ते म्हणाले. फोनचा आवाज मलाही ऐकू येत होता. "पूर्ण शहाण्णव, अगं! गाडी गेल्यावर मी सरळ जेलरसाहेबांकडे गेलो. म्हटलं, साहेब, ह्या चौऱ्याऐंशी, ह्या माझ्यासमोर मोजा. त्यांनी कंपाउंडरचं कपाट उघडायला लावलं. बारा ट्यूबा! बाराच्या बारा कपाटात, खालच्या खणात. त्याच्या भावाचं औषधांचं दुकान आहे म्हणे. मग सही केली. त्याच दिवशी सगळ्यांनी लावली, पांघरुणं उकळली, अंगणात उन्हात टाकली. आठवडा झाला, एक माणूस खाजवत नाही. एक! जेलरसाहेब म्हणाले, बाकीच्या बरॅकींनाही असंच करायचं, तुम्ही सांगा कसं ते."

"आणि तारीख?" ताईने विचारलं.

भाऊजींचा चेहरा पडला. पण पूर्ण पडला नाही, हेच वाईट होतं.

"मला वाटलं नव्हतं गं, की गाडी निघेल. एक माणूस कमी आहे, आणि फाटक उघडतंच कसं? आमच्या स्टोअरमध्ये..."

"उघडलं," ताई म्हणाली. "जज म्हणाले, तुम्हालाच घाई नाही."

"मी अर्ज करतो. नकार दिला नाही असा. जावक क्रमांकासकट."

"बारावा," ताई म्हणाली.

"बारा लोकांना मलम मिळालं नसतं, अगं. बारा जणांनी परत अख्ख्या बरॅकला खरूज लावली असती. तू सांग, मी काय करायला हवं होतं?"

"सही," ताई म्हणाली. "एक केलीतच की न मोजता. आणखी एक केली असतीत, तर आज घरी असता."

इतकं स्पष्ट ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. मी घड्याळाकडे बघितलं, नऊ मिनिटं उरली होती. त्या खोलीत बाकीचे लोक एकेका मिनिटासाठी ओरडून बोलत होते, आणि आमच्या काचेपाशी नऊ मिनिटं फुकट पडली होती.

मग भाऊजींची नजर खाली गेली. ताईने फोन धरलेल्या हाताच्या मनगटाला दुसऱ्या हाताने खाजवलं होतं. तिला ते कळलंही नव्हतं. भाऊजींनी बघितलं. स्टोअरकीपरच्या नजरेने बघितलं, काचेला नाक लावून.

"कधीपासून?"

"काय?"

"हात दाखव. बोटं फाकव."

ताईने फाकवली. बेचक्यांत लाल पुटकुळ्या होत्या. चार महिने ती त्यांच्या मळक्या कपड्यांची पिशवी घरी नेऊन धूत होती. मला दिसलं नव्हतं, मी भाऊ असून.

"महिना झाला असेल," ती म्हणाली. "साबणाचं असेल असं वाटलं."

"साबणाचं नाही ते." भाऊजी एकदम कामाला लागले, आवाजात जोर आला. "ऐक. आज जाताना दुकानातून मलम घे. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं. बेचक्यांत, मनगटावर, कोपराच्या आत. सकाळपर्यंत धुवायचं नाही, हात धुतले तर परत लावायचं. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, सगळं उकळायचं आणि कडक उन्हात टाकायचं. आणि मुख्य म्हणजे घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. एकही माणूस सुटता कामा नये. एक जरी राहिला ना, तर काही उपयोग नाही."

"घरात मी एकटीच आहे," ताई म्हणाली.

तिने फोन जागेवर ठेवला आणि उठली. सात मिनिटं शिल्लक होती. भाऊजींच्या ते लगेच लक्षात आलं नाही. काचेपलीकडे त्यांचे ओठ हलत होते, फोन कानाला होता, आणि मोकळा हात वर धरून, बोटं फाकून, ते दाखवत होते की मलम नेमकं कुठे लावायचं.